उत्तरपत्रिका काय सांगतात?

१२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर चर्चा झाली. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला तेव्हा आठच दिवस उरले होते. त्या चर्चेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक आकडा सभागृहापुढे ठेवला. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या दर १०० मुलांपैकी केवळ १८ मुले चौथ्या इयत्तेपर्यंत पोहोचतात. उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत जातात. हाच आकडा दुसऱ्या कोणाच्या हाती असता, तर त्या ८२ मुलांच्या बुद्धीविषयी किंवा त्यांच्या आईबापांच्या अनास्थेविषयी बोलणे झाले असते. तसे बोलणारे त्या काळी पुष्कळ होते आणि आजही कमी नाहीत. बाबासाहेबांनी त्या आकड्यावरून परीक्षा घेतली ती शिक्षणव्यवस्थेची. सरकार शिक्षणावर दरडोई काय खर्च करते आणि मद्यावरील करातून दरडोई काय मिळवते, हे त्यांनी शेजारी शेजारी मांडले आणि अधिक तरतुदीची मागणी केली.

स्मरणिकेत निकालाचा तक्ता असावा ही प्रथा जुनी आहे आणि तीत गैर काही नाही. माजी विद्यार्थी आपापले वर्ष शोधतात, पालक अलीकडची वर्षे पाहतात. परंतु शाळेच्या दैनंदिन कामात ज्या आकड्यांचा खरा उपयोग होतो, ते त्या तक्त्यात मावत नाहीत. मुलांच्या चाचण्यांतून मिळणाऱ्या माहितीचा उपयोग शिकवणे सुधारण्यासाठी आणि वर्षाचे नियोजन बदलण्यासाठी कसा करायचा, हे शाळेच्या हितचिंतकांना थोडे तपशिलाने सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम शेकडेवारीविषयी. राज्याचा दहावीचा निकाल २०१८ साली ८९.४१ टक्के लागला. २०१९ साली तो ७७.१० टक्क्यांवर आला; २०२० साली ९५.३० वर गेला आणि २०२१ साली ९९.९५ टक्के झाला. चार वर्षांत महाराष्ट्रातील मुलांची बुद्धी आधी खाली कोसळली आणि मग आभाळाला भिडली, असे कोणी म्हणणार नाही. २०१९ साली अभ्यासक्रम नवा होता आणि भाषा व सामाजिक शास्त्रे यांचे तोंडी किंवा अंतर्गत परीक्षेचे २० गुण बंद झाले होते. पुढील वर्षी ते परत आले. २०२१ साली कोरोनामुळे परीक्षाच झाली नाही. नववीचे गुण आणि दहावीचे शाळांतर्गत मूल्यमापन यांवरून निकाल लावला गेला. मोजपट्टी बदलली, म्हणून माप बदलले. लहान शाळेच्या बाबतीत तर आणखी एक साधे गणित आहे. ४० मुलांच्या वर्गात दोन मुले अनुत्तीर्ण झाली की निकाल पाच टक्क्यांनी उतरतो. त्या दोघांपैकी एक ऐन परीक्षेत तापाने आजारी असू शकतो. तेव्हा निकालाची शेकडेवारी दोन टक्क्यांनी वाढली म्हणून पेढे वाटावेत, पण त्यावरून शिकवण्याविषयी निष्कर्ष काढू नयेत.

निष्कर्ष काढायचे तर बेरीज सोडून एकेका प्रश्नाकडे वळावे लागते. उदाहरण म्हणून एक वजाबाकी घेऊ : ४०३ उणे १७८. बरोबर उत्तर २२५. आता दोन मुलांची उत्तरे पाहा. एकाने ३७५ लिहिले आहे, दुसऱ्याने २३५. दोघांनाही शून्य गुण आणि गुणांच्या तक्त्यात दोघे सारखेच. प्रत्यक्षात दोघांत फार अंतर आहे. पहिल्याने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला : आठातून तीन, सातातून शून्य, चारातून एक. वजाबाकी म्हणजे काय, दशकाची किंमत काय, हेच त्याला उमगलेले नाही. दुसऱ्याला हातचा घेणे येते. मध्ये शून्य आले, तेव्हा शतक मोडून दहा दशक झाले आणि त्यातले एक दशक पुढे एककाच्या घरात गेले, ही गोष्ट त्याच्या हातून निसटली. पहिल्याला काड्यांचे गठ्ठे घेऊन दुसरीच्या पाठापासून सुरुवात हवी. दुसऱ्याला शंभराची एक नोट, दहाच्या दहा नोटा आणि रुपयाची दहा नाणी दिली, तर एका तासिकेत त्याची अडचण सुटण्याचा संभव आहे. दोघांना ‘गणितात कच्चे’ म्हणून एकत्र बसवले आणि तशाच वीस वजाबाक्या घालून दिल्या, तर पहिला तीच चूक वीस वेळा करील आणि दुसरा कंटाळेल.

मराठी शाळेत याच जातीची एक चूक वारंवार भेटते. शिक्षक ‘एकोणसाठ’ म्हणतात आणि मूल ६९ लिहिते. त्याच्या कानावर ‘साठ’ पडले. साठीतली संख्या म्हणून त्याने सहा आधी मांडले. ‘पस्तीस’ ऐकून ५३ लिहिणारे मूलही आपल्या परीने तर्कच लढवत असते, कारण मराठीत पाच आधी बोलले जातात आणि तीस मागून. दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशा संख्यावाचनाची सूचना आली, तेव्हा २०१९ साली त्यावरून केवढा वाद झाला, तो विधिमंडळापर्यंत कसा पोहोचला, हे वाचकांना आठवत असेल. त्या वादात कोण बरोबर होते हा प्रश्न येथे नाही. ज्या अडचणीवर तो उपाय सुचवला गेला, ती अडचण मात्र खरी आहे. दहिसरसारख्या उपनगरात तिला आणखी एक पदर आहे. मूल घरी ‘एकोणसाठ’ ऐकते, रस्त्यावर ‘उनसठ’ आणि दुकानात ‘फिफ्टी नाइन’. कोकणातून वा मराठवाड्यातून पाचवीत आलेले मूल सेमी-इंग्रजीच्या वर्गात बसले की हीच संख्या त्याला तिसऱ्या नावाने ओळखावी लागते. अशा मुलाचे गणित कच्चे आहे की संख्यांची नावे कच्ची आहेत, हे एकूण गुणांवरून कधीच कळणार नाही. दहा संख्यांचे श्रुतलेखन घेतले आणि चुकीची उत्तरे जशीच्या तशी टिपून ठेवली, तर अर्ध्या तासात कळते.

शाब्दिक उदाहरणांचेही तसेच. ८४ उणे ३७ ही मांडणी बिनचूक सोडवणारे मूल ‘मीनाकडे राजूपेक्षा कितीने जास्त गोट्या आहेत’ या प्रश्नात ‘जास्त’ हा शब्द वाचते आणि बेरीज करते. ही चूक गणिताच्या पेपरात दिसते, पण तिचा उपाय निम्मा भाषेच्या तासाला आहे. दोन्ही विषयांचे शिक्षक एकाच टेबलाशी बसले नाहीत, तर ती दोघांच्याही हातून सुटते.

यासाठी लागणारे साधन अगदी साधे आहे. एक मोठा कागद घ्यायचा. डावीकडे मुलांची नावे, वरच्या बाजूला प्रश्नांचे क्रमांक. बरोबर असेल तेथे खूण, चूक असेल तेथे मुलाने लिहिलेले उत्तर. अध्यापनशास्त्राच्या पुस्तकांत याला प्रश्नांचे विश्लेषण म्हणतात. हा कागद आडवा वाचला की एकेका मुलाविषयी कळते आणि उभा वाचला की शिकवण्याविषयी कळते. समजा, ४० मुलांपैकी २६ जणांनी १/२ अधिक १/३ याचे उत्तर २/५ लिहिले. २६ मुले एकाच वेळी, एकाच पद्धतीने निष्काळजी होत नाहीत. अंशात अंश आणि छेदात छेद मिळवायचा, असे त्यांना वाटते. म्हणजे अपूर्णांक ही एक संख्या आहे ही कल्पनाच वर्गात रुजलेली नाही. तेथे मुलांना पुन्हा सराव देण्याआधी पाठ पुन्हा मांडावा लागतो, तोही वेगळ्या रीतीने. उलट, एरवी सगळे बरोबर सोडवणारी मुलेच एखाद्या प्रश्नात चुकलेली दिसली, तर आधी प्रश्नाची शब्दरचना तपासावी. दोष बहुधा तेथे असतो. आणि एखादे मूल फक्त फळ्यावरून उतरवून घेतलेल्या प्रश्नांतच चुकत असेल, तर त्याला शिकवणीची नव्हे, चष्म्याची गरज असू शकते.

या सगळ्यात वेळेला फार महत्त्व आहे. मूल्यमापन शिकवणे चालू असताना ते घडवण्यासाठी करायचे, की शिकवून झाल्यावर निर्णय देण्यासाठी, हा भेद अभ्यासक मायकेल स्क्रिव्हन यांनी १९६७ साली स्पष्ट केला. आपल्याकडे शासनाने २० ऑगस्ट २०१० च्या निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत आणली, तिच्यातील ‘आकारिक’ आणि ‘संकलित’ ही नावे त्याच भेदाची आहेत. पहिली-दुसरीत आकारिक मूल्यमापनाला ७० टक्के भार आणि सातवी-आठवीत ४० टक्के, अशी ती रचना होती. निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, प्रकल्प, स्वाध्याय अशी साधने त्यात सांगितली होती. कल्पना उत्तम होती. पुष्कळ ठिकाणी तिचे रूपांतर नोंदवह्या भरण्यात झाले, हेही सर्वांना ठाऊक आहे. नोंद लिहिली गेली, पण त्या नोंदीमुळे दुसऱ्या दिवशीच्या तासिकेत काय बदलले, हे विचारायचे राहून गेले. शिक्षकांची याबाबत एक सार्वत्रिक तक्रार आहे आणि ती रास्त आहे : माहिती सतत वर पाठवावी लागते, वरून ती वर्गाच्या उपयोगाची होऊन क्वचितच परत येते.

वेळेचा हा प्रश्न आता अधिक निकडीचा झाला आहे. २०२३-२४ पासून राज्यात पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आली. जे मूल त्यात उत्तीर्ण होणार नाही, त्याला पूरक मार्गदर्शन आणि पुनर्परीक्षा. तीतही यश आले नाही, तर त्याच वर्गात पुन्हा वर्षभर. ज्या घरात तिसऱ्या पिढीचे शिक्षण चालू आहे, तेथे हे वर्ष भरून निघते. ज्या घरातून शाळेची पायरी चढणारे हे पहिलेच मूल आहे, तेथे ‘नापास झाला, आता कामाला लावू’ हे वाक्य उच्चारायला फार वेळ लागत नाही. १९२७ च्या त्या आकड्यातील ८२ मुले अशाच वाक्यांनी शाळेबाहेर गेली असतील. म्हणून पाचवीतल्या मुलाचा अपूर्णांक ऑगस्टच्या घटक चाचणीत अडखळलेला दिसला, तर तो गणपतीच्या सुट्टीआधी हाताशी घ्यायला हवा. प्रथम सत्राच्या उत्तरपत्रिका दिवाळीनंतर उघडल्या, तर वार्षिक नियोजनात हलवाहलव करायला जागा उरत नाही. मार्चमध्ये तर उरतो फक्त निकाल.

मागे पडलेल्या मुलांवर वेळीच लक्ष दिले तर काय होते, याचे एक चोख उदाहरण आपल्याच शहरात आहे. ‘प्रथम’ या मुंबईत सुरू झालेल्या संस्थेने महापालिकेच्या शाळांत ‘बालसखी’ हा उपक्रम राबवला. वर्गशिक्षकांच्या मते मागे पडलेली पंधरा-वीस मुले रोज साधारण दोन तास वर्गाबाहेर बसत आणि वस्तीतलीच एक शिकलेली तरुणी त्यांना वाचन व अंकगणिताच्या मूळ गोष्टी शिकवी. ही बालसखी प्रशिक्षित शिक्षिका नसे. दोन आठवड्यांच्या तयारीवर ती कामाला लागे. मुंबई आणि बडोदा येथील शाळांत २००१ ते २००३ या काळात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या उपक्रमाची काटेकोर तपासणी केली. २००७ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या दोघांना २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यामागे अशाच अभ्यासांची मालिका आहे. निष्कर्ष असा : बालसखी असलेल्या शाळांतील मुलांचे गुण स्पष्टपणे वाढले आणि तळातील मुलांचे सर्वांत अधिक. बालसखीकडे जाणारी मुले उठून गेल्यावर मूळ वर्ग लहान झाला, पण वर्गात राहिलेल्या मुलांत त्याने फरक पडला नाही. म्हणजे वर्ग लहान करण्याने जे साधले नाही, ते मुलाच्या पातळीपासून शिकवण्याने साधले. मात्र उपक्रम संपल्यानंतर वर्षभरात ती वाढ बरीचशी ओसरली, हेही त्याच अभ्यासात नोंदले आहे. एकदा उभे केलेले मूल पुढेही सांभाळावे लागते.

सांभाळण्याच्या बाबतीत निवासी शाळेची बाजू जमेची आहे. बहिष्कृत हितकारिणी सभेने जानेवारी १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह उघडले, तेव्हाही हेतू नुसता निवाऱ्याचा नव्हता. अभ्यासाला जागा, वेळ आणि सोबत मिळावी हा होता. जे मूल दुपारी वर्गात अडते, त्याच्या शेजारी संध्याकाळी अभ्यासिकेत कोणीतरी बसू शकते. त्यासाठी शिकवणीची फी लागत नाही. शिवाय गृहपालांना जे दिसते ते शिक्षकांना दिसत नाही. कोण रात्री गोष्टीचे पुस्तक घेऊन बसतो, कोण घरच्या आठवणीने जेवत नाही, कोण लहान मुलांना पाढे शिकवतो : हेही मूल्यमापनच आहे, आणि ते गुणांच्या तक्त्याशेजारी ठेवून वाचायला हवे. पाचवीत येणारी मुले निरनिराळ्या गावांच्या, निरनिराळ्या शाळांतून येतात. जूनमध्ये त्यांची पूर्वतयारी पाहिल्याशिवाय पाचवीचे नियोजन करणे म्हणजे अंगाचे माप न घेता गणवेश शिवणे होय.

परंतु निवासी शाळेतच एक धोकाही अधिक असतो. ‘ढ’ हा शिक्का दिवसाच्या शाळेतल्या मुलाला संध्याकाळी घरी तरी सुटतो. वसतिगृहात तो जेवणाच्या पंगतीत आणि झोपण्याच्या खोलीतही बरोबर राहतो. म्हणून पूरक अभ्यासाचे गट कायमचे असू नयेत. वजाबाकीचा गट वजाबाकी येईपर्यंतच. पुढच्या आठवड्यात कवितेच्या गटात त्याच मुलाने दुसऱ्याला मदत करावी. प्रश्ननिहाय तक्ता हा शिक्षकांच्या कपाटात राहावा, सूचनाफलकावर नव्हे.

तसाच तो शिक्षकांच्या तुलनेसाठीही वापरू नये. इंग्लंडमध्ये १८६२ पासून शाळांचे अनुदान मुलांच्या वाचन-लेखन-गणिताच्या परीक्षेतील यशाशी जोडले गेले. परिणाम असा झाला की, निरीक्षक येण्याआधी मुलांकडून वाचनाचे पुस्तक तोंडपाठ करून घेतले जाऊ लागले आणि ज्या विषयांना पैसे नव्हते ते मागे पडले. शेवटी ती पद्धत मोडीत काढावी लागली. चुका लपवण्यात शिक्षकाचा फायदा असेल, तर चुकांची माहिती कधीच खरी मिळणार नाही.

नियोजनाविषयी थोडे सांगायला हवे, कारण पालकांना ते सहसा दिसत नाही. जूनमध्ये प्रत्येक विषयाचे वार्षिक नियोजन होते. कोणत्या घटकाला किती तासिका, हे ठरते. बहुतेक वेळा ते मागील वर्षावरून उतरवले जाते आणि मागील वर्ष त्याच्या मागील वर्षावरून. मागच्या दोन-तीन वर्षांच्या उत्तरपत्रिकांतील नोंदी समोर ठेवल्या, तर वेगळेच चित्र दिसू लागते. सातवीत बीजगणित जड जाते असे वाटत असते. नोंदी सांगतात की, बीजगणिताच्या चुकांतील मोठा भाग ऋण संख्यांचा आहे. मग सातवीला तासिका वाढवण्यापेक्षा सहावीत ऋण संख्यांना आठवडाभर अधिक दिलेला बरा, आणि तो आठवडा मुलांना आधीच येत असलेल्या घटकातून काढता येतो. ०.३५ ही संख्या ०.५ पेक्षा मोठी आहे असे मानणारी मुले आठवीच्या विज्ञानात मापनाला अडखळतात. तेथे विज्ञानाच्या शिक्षकाने पाचवी-सहावीच्या गणिताच्या शिक्षकाला गाठायला हवे. पाठ्यपुस्तक राज्याचे असते, ते आपण बदलू शकत नाही. कोठे थांबायचे, कोठे वेग धरायचा आणि कोणत्या घटकाआधी कोणता, यात मात्र शाळेला पुष्कळ मोकळीक आहे.

पालकांना आमची विनंती एका संशोधनाच्या आधारे करतो. इस्रायलमधील संशोधिका रूथ बटलर यांनी १९८८ साली मुलांचे तीन गट पाहिले : एकाला फक्त गुण दिले, दुसऱ्याला फक्त लेखी अभिप्राय, तिसऱ्याला दोन्ही. प्रगती अभिप्राय मिळालेल्या गटाने केली. गुण आणि अभिप्राय दोन्ही मिळालेल्यांचा फायदा झाला नाही. गुण दिसले की अभिप्रायाकडे लक्ष उरत नाही. पालकसभेत ‘कितवा नंबर आला?’ हा प्रश्न येतो, तेव्हा नेमके तेच घडते. त्याऐवजी तपासलेली उत्तरपत्रिका मागून घ्यावी आणि मुलाला एकच विचारावे : हे उत्तर तू कसे काढलेस? वाचता न येणाऱ्या आईलाही हा प्रश्न विचारता येतो आणि मूल उत्तर देऊ लागले की पुष्कळदा आपली चूक स्वतःच पकडते. शिक्षकांना विचारायचे ते हे की, ही चूक आणखी किती मुलांची आहे आणि त्यासाठी पुढच्या पंधरवड्यात काय करणार आहात.

माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकजण नोकरी-व्यवसाय सांभाळून शाळेसाठी काही करावे, अशी इच्छा व्यक्त करतात. देणग्यांचे स्वागत आहेच. परंतु आठवड्यातून एक संध्याकाळ अभ्यासिकेत चार मुलांजवळ बसणारा माणूस मिळणे अधिक कठीण असते. बालसखीच्या कामाला पदवी लागली नव्हती, येथेही लागणार नाही. जे येतील त्यांच्या हाती पहिल्या दिवशी आम्ही पाठ्यपुस्तक देणार नाही. तपासलेल्या वीस उत्तरपत्रिका देऊ. त्यांतील फक्त चुकीची उत्तरे वाचून, कोणाला काय समजले असावे हे प्रत्येकीच्या समासात पेन्सिलीने लिहायचे. त्याला साधारण दोन तास लागतात.